आजीला पाच चिंचोके

शाळेत मुलांची हजेरी घ्यावी लागते. किस्से मात्र न बोलावता हजर असतात, तेही प्रार्थनेच्या आधीपासून! बावीस वर्षं झाली, मी पहिलीचा वर्ग घेते. दरवर्षी ठरवते की किस्से वहीत लिहून ठेवायचे, आणि दरवर्षी ती वही कुणीतरी विमानं करायला नेतं. मग ते डोक्यातच साठत जातात. संध्याकाळी घरी गेले की नवरा विचारतो, "आज काय?" त्याला भाजी विचारायची नसते. हे खालचे सगळे एकाच वर्षाचे आहेत, आणि एका किश्श्यात चूक सपशेल माझी आहे. ती लपवणार नाही.

शाळा ओतूरच्या कडेला. अर्धी मुलं मळ्यातली, अर्धी बाजारपेठेतली. वर्ग एकोणीस जणांचा. मळ्यातली पोरं "व्हतं-न्हाई"वाली. शिफाचे अब्बा गाद्या भरतात, तिच्या घरी ओतूरचं पाणी प्यालेली उर्दू. पूर्वाच्या वडिलांचं पेठेत भांड्यांचं दुकान; पणजोबांपासून इथलेच, बाहेर अस्सल मराठी, पण उंबऱ्याच्या आत मारवाडी. आणि मी? माहेर महाळुंगे पडवळ, सासर निरगुडसर. दोन्हीकडे एकच भाषा. सासूबाई रागावल्या की तेवढी वेगळी वाटते.

अक्षरं शिकवण्याआधी मी मुलांचे कान तयार करते. त्यासाठी माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिंचोके आहेत. शब्द म्हणायचा, त्याचे तुकडे पाडायचे आणि तुकड्यागणिक एक चिंचोका पुढे सरकवायचा. भा-क-री, तीन चिंचोके. आ-ई, दोन. पाटी नाही, पेन्सिल नाही, नुसतं तोंड आणि कान. मुलांना हा खेळ इतका आवडतो की सुट्टीतसुद्धा एकमेकांची आडनावं फोडत बसतात.

*

पहिला किस्सा हेडसरांचा. सर माणूस सोन्यासारखा, फक्त परिपत्रक दिसलं की त्यांना जगाचा विसर पडतो. त्यांचं ऑफिस आमच्या वर्गाला लागून, मध्ये एक खिडकी. फोन आला की सरांचा आवाज थेट आमच्या फळ्यावर आदळतो.

जून संपता संपता माझ्या लक्षात आलं की फोन वाजला की सगळा वर्ग चिडीचूप होतो. सरांचा पहिला शब्द कानी पडला की शिफा हळूच म्हणते, "गाववाला." किंवा, "सायेब." मग बाकीचे माना डोलावतात.

मी विचारलं, "अगं, पलीकडचं तुला ऐकू येतं?"

"न्हाई बाई. सरांच्या तोंडावरनं कळतं. गाववाला असला की सर म्हनत्यात, 'काय रं, कुठं व्हतास?' सायेब असला की 'होता' म्हनत्यात. आन सगळं आवाज उभं ऱ्हातात."

सगळे आवाज उभे राहतात! मला बावीस वर्षांत हे सुचलं नव्हतं. मी आठवडाभर तपासलं. पोरगी एकदाही चुकली नाही. घरात एक बोली, दुकानात गिऱ्हाइकाशी दुसरी. दिवसभर तिचे कान हेच काम करत असणार.

एका बुधवारी फोन वाजला. सर खाडकन खुर्चीतून उठले. "होय. नाही. लगेच करतो. चूक झाली. पुन्हा होणार नाही." 

शिफा ओरडली, "सायेब! लई मोठा सायेब!"

मग काय, धावपळ! साहेब व्हिजिटला येणार म्हणून मी कोपऱ्यातलं जाळं काढलं, तक्ते सरळ केले, दोघांची नाकं पुसली, एकाचा शर्ट उलटा होता तो सुलटा करून घातला. तेवढ्यात सर दारात. "बाई, ही साफसफाई कशाला?"

"साहेब येतायत ना? आत्ता फोन आला होता."

सर म्हणाले, "घरनं व्हता. सकाळी मोटार चालू ठेवून आलो, टाकी वाहून चाललीये."

मी शिफाकडे पाहिलं. ती जराही वरमली नव्हती. "मंग सायेबच की!" म्हणाली.

*

आता माझी चूक.

पूर्वा म्हणजे डोळे मोठे, आवाज बारीक आणि खेळात सगळ्यांत मागे. बाकीच्यांचे चिंचोके सरकून व्हायचे तरी ही ओठ हलवत बसलेली. एके दिवशी मी शब्द दिला, "आजी." आ-जी, दोन चिंचोके, सोप्यातला सोपा. पूर्वानं पाच मांडले! दोन वर, तीन खाली.

"आजीला पाच? आजी काय मालगाडी आहे?" मी म्हटलं. वर्ग हसला. मी खालचे तीन हातानं बाजूला सारले आणि म्हटलं, "हे बघ, दोनच." ती त्या तीन चिंचोक्यांकडे बघत राहिली.

मला वाटलं, घरची भाषा वेगळी म्हणून पोरीचा गोंधळ होतोय. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझंच डोकं! जुलैच्या पालकसभेत मी तिच्या वडिलांना, प्रकाशशेठना, अगदी आत्मविश्वासानं सांगितलं, "घरी मारवाडी बंद करा. घरी फक्त मराठी बोला."

प्रकाशशेठ हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचा शब्द म्हणजे शब्द."

मी खूष. बावीस वर्षं पालकांना सांगतेय की पोरांची नखं कापा, ते कुणी ऐकत नाही. ही एकच चुकीची गोष्ट सांगितली आणि ती मात्र तंतोतंत पाळली गेली!

*

ऑगस्टमध्ये शिफानं माझे डोळे उघडले. शब्द होता "भाकरी". तिनं तीन चिंचोके मांडले, आणि खाली आणखी दोन. मी सारायला हात पुढे केला तर तिनं माझं मनगटच धरलं.

"बाई, थांबा की! वरचं शाळंच्या तोंडाचं, भा-क-री. खालचं घरच्या तोंडाचं, रो-टी. तुमी सांगतच न्हाई कुठल्या तोंडानं करायचं, मंग मी दोन्हीनं करती."

मी तिथेच बाकावर बसले. आ-जी, दोन. खालचे तीन कोणते असतील ते मला मोजावं लागलं नाही. पूर्वा घरी आजीला दादीसा म्हणते. दा-दी-सा.

ती मागे पडत नव्हती. बाकीचे एक शब्द फोडत होते तोवर ही दोन फोडत होती, ताडून बघत होती. आणि मी तिची दादीसा हातानं बाजूला सारली होती, वर मालगाडी म्हणून हसं केलं होतं.

मी पूर्वाजवळ गेले. म्हटलं, "पूर्वा, तुझं बरोबर होतं. मांजराला घरी काय म्हणता?"

ती म्हणाली, "आता मांजरच म्हणतो." थोड्या वेळानं, अगदी कानात, "आधी मिनकी म्हणायचो. दोन्हीला पुढं म आहे." आणि लगेच इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मला फार लाज वाटली.

*

त्या दिवसापासून वर्गात एकच खूळ, दोन ओळी! ज्याला दोन तोंडं तो राजा. शिफाचा तोरा काय विचारता! आणि सगळ्यांत जास्त जळला तो ओम. मळ्यातला पोरगा, घरात आजोबांपासून सगळे एकच बोली बोलणारे. दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा पागोटं सावरत शाळेत हजर.

"बाई, ह्यो रातभर जेवला न्हाई. म्हनतो, आपल्या घरात दुसरी भाषा का न्हाई? आता ती कुठनं आनू?"

मी म्हटलं, "आजोबा, मी समजावते त्याला."

"ऱ्हाऊ द्या. मी दिली त्याला," आजोबा म्हणाले. "हाय आपल्याकडं दुसरी. बैलांची."

आजोबांचे शर्यतीच्या गाड्याचे बैल साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेले. ओम छाती काढून पुढे आला आणि त्यानं सुरुवात केली. ओठ थरथरवून "ब्रर्र". घशातून "हीऽऽर्र". आणि जीभ टाळूला चिकटवून काढलेला एक असा खणखणीत "टॉक्" की पुढच्या बाकावरची पोरगी दचकली.

त्यानं खाली एकच चिंचोका ठेवला, पण उलटा. स्वतःकडे ओढून.

"असा का?" मी विचारलं.

"बाई, ह्यो आवाज आत जातो. बाकीचं समदं भाईर येत्यात."

मी तोंडानं करून पाहिलं. खरंच आत जातो! तुम्हीही करून बघा. मी करून बघितलं हीच चूक झाली, कारण मग एकोणीसच्या एकोणीस जणांनी करून बघितलं. वर्गात नुसता टॉक् टॉक् टॉक्! हेडसर खिडकीतून काहीतरी म्हणत होते, ते ऐकूच येईना.

आणि बाहेर रस्त्यावरून एक बैलगाडी चालली होती. ती थांबली. गाडीवान ओढतोय, दामटतोय, बैल जागचे हलेनात. माना वळवून आमच्या खिडकीकडे बघत उभे. गाडीवान कुंपणावरून ओरडला, "कोन बोलतंय रं आमच्या बैलांशी?"

ओम बाकावर चढला. त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. "बाई, बघा! त्यान्ला समजलं!"

त्या दिवसापासून ओमच्याही दोन ओळी मान्य झाल्या. माझा नाइलाज होता.

*

पूर्वा मात्र या दंग्यात नव्हती. खालची ओळ ती मांडायचीच नाही. एका सुट्टीत माझ्या ओढणीला धरून म्हणाली, "बाई, दादीसा मला ताई म्हणती."

"मग? चांगलं आहे की."

"म्हणती, 'या ताई, बसा. काय दाखवू?'"

मला आधी हसू आलं. पूर्वाचे डोळे भरलेले दिसले तेव्हा ते थांबलं. त्याच संध्याकाळी मी पेठेत गेले.

झालं होतं असं. दादीसा सोळाव्या वर्षी लग्न होऊन मारवाडातून ओतूरला आल्या. पन्नास वर्षं दुकानात बसल्या, तिथेच मराठी शिकल्या. मराठी एकदम फक्कड, पण सगळी गिऱ्हाइकाशी बोलायची! लाड करायची मराठी त्यांना कुणी शिकवलीच नव्हती, कारण लाड करायला मारवाडी होती. ती बाईंनी बंद केली. मग पूर्वा शाळेतून आली की "या, बसा, पाणी घ्या." जेवताना "घरचंच समजा." झोपायला निघाली की "बरं, पुन्हा या." पहिले आठ दिवस सगळे हसले. मग दादीसांनी बोलणंच कमी केलं. गिऱ्हाइकाशी तरी किती बोलायचं!

मी प्रकाशशेठना म्हटलं, "माझं चुकलं. साफ चुकलं. आजपासून घरी मारवाडी सुरू करा. तुमच्या पोरीचा कान वर्गात सगळ्यांत तयार आहे, तो त्या मारवाडीमुळंच."

प्रकाशशेठ आनंदले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "बाई, आम्ही आत्ता सुरू करतो. पण माँचं अवघड आहे. माँनं पच्चखाण घेतलंय."

जैन घरांत चौमासा सुरू झाला की साधूमहाराजांसमोर असा नियम घेतात. कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी टीव्ही. चार महिने पाळायचा, मध्ये मोडायचा नाही. दादीसा दरवर्षी काही ना काही सोडतात. यंदा बाईंचं ऐकून त्यांनी नातीशी मारवाडी बोलणं सोडलं होतं!

मी आत गेले, त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, "दादीसा, मीच सांगितलं होतं, मीच मागे घेते."

दादीसा माझ्याकडे प्रेमानं बघून म्हणाल्या, "तुमी देवमानूस, बाई. पन नियम मी तुमच्याकडनं न्हाई घेतला, म्हाराजसाहेबांसमोर घेतला. अजून दोन म्हैने. दोन म्हैन्यात काय होतंय?"

आणि दाराआडून पूर्वा बघत होती. सहा वर्षांच्या पोरीला दोन महिने म्हणजे किती, ते मला तिच्या तोंडावर दिसलं. मी चहा न घेता निघाले तर मागून दादीसांचा आवाज आला, "बरं, पुन्हा या."

*

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझा डबा तसाच राहिला. हेडसरांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडलेसुद्धा. मला वाटलं, सर धीर देतील. सरांनी चष्मा लावला.

"नियमाचे नेमके शब्द काय?"

"सर, तो धर्माचा नियम आहे. शासनाचा नाही."

"बाई, नियम कुणाचाही असो. शब्द काय?"

मी प्रकाशशेठना फोन लावला. त्यांनी आत जाऊन आईला विचारलं आणि परत येऊन सांगितलं. मी जे म्हटलं होतं, तेच दादीसांनी शब्दाला शब्द धरून घेतलं होतं. चौमासा संपेपर्यंत पूर्वाशी घरी मारवाडी बोलणार नाही.

सरांनी चष्मा काढला. आयुष्यभर परिपत्रकं वाचलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "घरी," सर म्हणाले. "शाळेबद्दल काही म्हटलेलं नाही."

फोन प्रकाशशेठच्या हातात चालूच होता. तिकडे एकदम गडबड ऐकू आली. मग दादीसांचा आवाज, लांबून, मराठीत, "साळा किती वाजता भरते?"

*

आता अडचण गुडघ्यांची. दादीसा घरातून साधूंच्या दर्शनाला जैन स्थानकात आणि स्थानकातून घरी, एवढंच चालतात. स्कूटरवर बसायला तयार नाहीत. ओमचे आजोबा म्हणाले, "आमचा पिकअप हाय की! सकाळी पेठंतनंच जातो."

गुरुवारी पिकअप शाळेच्या दारात आला. मागे कांद्याच्या गोण्या गच्च, पुढे ओमच्या आजोबांशेजारी दादीसा, नाकाला पदर लावून. बारा महिने ज्यांच्या घरात कांदा येत नाही त्या, भर चौमासात, कांद्याच्या गाडीत! मी धावत गेले. "दादीसा, चालेल ना हे?"

"बसायचं हाय, बाई. खायचं कुठं हाय?"

त्यांना मी माझ्या खुर्चीत बसवलं. एकोणीस पोरं टक लावून बघत होती. आजोबा दारातच थांबले, गाडी बंद न करता. हेडसर खिडकीत. पूर्वा जागेवर ताठ बसलेली, दोन्ही हात मांडीखाली.

मी म्हटलं, "चिंचोके काढा. आज आजी शब्द देणार, आपण मांडायचे."

दादीसांनी वर्गाकडे पाहिलं. एवढे लोक समोर बसलेले, सगळे बघतायत. पन्नास वर्षांची सवय! त्यांनी पदर सावरला आणि हसून म्हणाल्या, "या, बसा. काय दाखवू?"

कुणी हसलं नाही. पूर्वा उठली. तिचा एवढा मोठा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता.

"दादीसा! ओ घर कोनी! इस्कूल है!"

घर नव्हतं, शाळा होती! दादीसांनी भिंतींकडे पाहिलं. तक्ते, फळा, खिडकीतले हेडसर. मग हात पसरले. "अठे आव, म्हारी लाडली!"

पूर्वा बाकांवरून गेली, बाकांमधून नाही. आणि दादीसा बोलायला लागल्या. दोन महिन्यांचं साठलेलं! तिची वेणी कुणी घातली इथपासून ते घरातल्या मिनकीला पिल्लं झाली इथपर्यंत असावं, मला त्यातलं फारसं कळलं नाही. मध्येच रडत होत्या, मध्येच पूर्वाचे गाल ओढत होत्या, मध्येच काहीतरी गाऊनही दाखवलं. पूर्वा मध्ये मध्ये बोलायची तर तिलाही बोलू देत नव्हत्या. शिफा डोळे मिटून ऐकत होती. बाहेर पिकअप आपला धडधडत होता, आजोबांना बंद करायचं सुचलं नाही. मी फळ्याकडे तोंड करून उभी होते, कारण वर्गाकडे करण्यासारखं माझं तोंड राहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं कुणीतरी माझा पदर ओढला. ओम होता. घामाघूम. त्याच्या बाकापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत जमिनीवर चिंचोक्यांची ओळ गेली होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सगळे चिंचोके त्यानं वापरले होते. पत्र्याचा डबा उलटा करून त्यानं माझ्यासमोर धरला.

"बाई, चिंचोकं संपलं! आजी संपंना!"